ऊब जाते कुठून

त्या आठवड्यात कोणी "सूनबाई, एक सांगू का?" म्हणलं की पुनमच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण जो तो येऊन एकच सांगायचा, खोलीतली ऊब कुठून जाते ते. ज्यानं जन्मात पट्टी हातात धरली नाही तोही सांगायचा, आणि ज्याच्या स्वतःच्या घराला खिडकीची काच नाही तोही सांगायचा. सांगून चहा पिऊन जायचा. आणि पहाटे पाच वाजता थर्मामीटरचा काटा आपला एकवीसवर. अरे, सत्तावीस पाहिजेत ना! एकवीस घेऊन काय करायचंय?

खोली होती त्यांच्या आखाड्यावर, साखऱ्याच्या अलीकडं, शेतातच. राहतं घर, शेजारी गोठा आणि त्याला लागून सोळा बाय तेराची विटांची खोली, वर पत्रे. त्या खोलीत ट्रेवर ट्रे रचलेले आणि ट्रेमध्ये रेशमाच्या नुकत्याच जन्मलेल्या आळ्या, मुंगीएवढ्या. पहिले सात-आठ दिवस त्यांचं बाळंतपणच असतं म्हणा ना. कोवळी तुती बारीक चिरून घालायची आणि रात्रंदिवस सत्तावीस अंश ऊब सांभाळायची. दोन वेळा कात टाकली की शेतकरी येऊन आळ्या घेऊन जातात आणि आपापल्या शेडात वाढवून कोष काढतात. ऊब कमी पडली तर आळ्या मागंपुढं होतात. एकाच ट्रेमध्ये अर्ध्या कातीसाठी झोपलेल्या, अर्ध्या भुकेनं वळवळणाऱ्या. पाला घालावा तर झोपलेल्या कुजतात, न घालावा तर जाग्या मरतात. मग बसा कपाळाला हात लावून.

डिसेंबरच्या बारीला, म्हणजे आळ्यांच्या मागच्या खेपेला, नेमकं तसंच झालं होतं. तांड्यावरच्या फुलसिंगला अर्ध्या आळ्या फेकून द्याव्या लागल्या. तो भांडला असता तर पुनमला बरं वाटलं असतं, पण तो बिचारा काही बोललाच नाही. बोलले ते माणिकराव, तिचे सासरे. "अजून एक बारी बघतो," ते म्हणाले. "पुन्हा असंच झालं तर त्या खोलीत सोयाबीनची पोती लावीन. मंग तुझं सेंटर बंद. आपल्यापायी लोकायची तकलीफ नको." आणि माणिकराव जे बोलायचे ते करायचे, हीच तर पंचाईत.

आता ही जानेवारीची बारी. अकरा शेतकऱ्यांनी नावं दिलेली, सोमवारी न्यायला येणार होते. पहिली कात कशीबशी निभावली होती. दुसरी रविवारी बसणार होती आणि ती जर सगळ्यांची एकदम बसली नाही तर पुनमचं सेंटर संपलंच.

पुनम काही अडाण्यासारखी हातावर हात ठेवून बसली नव्हती. पॉलिटेक्निकातून सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेली पोरगी. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खोलीचा एकेक भाग मांडला होता. भिंती किती चौरस मीटर, पत्रा किती, दार किती, खिडकी किती, फरशी किती. प्रत्येक वस्तूचा ऊब सोडण्याचा आपला एक आकडा असतो. जाड विटांचा लहान, उघड्या पत्र्याचा भलामोठा. क्षेत्रफळ गुणिले तो आकडा गुणिले आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, की त्या भागातून किती ऊब निसटते ते कळतं. भिंतींतून साडेसतराशे वॅट. पत्र्याखाली तिनं थर्माकोलचं छत मारून घेतलं होतं म्हणून तिथून साडेतीनशेच. दार, खिडकी, फरशी, फटीतली हवा, सगळं धरून बेरीज झाली तीन हजार. आणि हिटर होते दोन, दोन-दोन हजारांचे. चार हजार आत येतात, तीन हजार बाहेर जातात. मग काटा एकवीसवर काहून बसतो? तिनं बेरीज सहा वेळा तपासली. सहाही वेळा तीन हजारच आले. तिला स्वतःचाच राग आला, मग डिप्लोम्याचा आला, मग त्या आकडे शिकवणाऱ्या सरांचा.

गुरुवारी सकाळी ती तुती तोडायला गेली आणि परत येऊन बघते तर खोलीला दारच नाही! चौकटीसकट उखडून बाहेर ठेवलेलं आणि माणिकराव जुन्या घराचं सागवानी दार दोन माणसांच्या खांद्यावर घेऊन उभे.

"मामा! काय करून राहिले तुमी हे?"

"दारच बदलतो. लोखंडाचं दार, त्यातून सगळी ऊब जाऊन राहिली. हात लावून बघ, बर्फ हाय बर्फ."

"अहो, दारातून एकशे नव्वद वॅट जातात! सागवानी लावलं तर पंचाण्णव जातील. एका बल्बाइतका फरक पडतो, एका बल्बाइतका! अन् त्यापायी तुमी खोली सताड उघडी टाकली? आत आळ्या हायेत!"

"तुझं कागदावरचं राहू दे. दारातून वारं येतं का भिंतीतून?"

आता याला काय म्हणावं? गाढवापुढं वाचली गीता म्हणायची सोय नाही, सासरा पडला. ट्रेंवर गोधड्या टाकून पुनम नवं दार बसेपर्यंत तीन तास धुमसत बसली. दार मात्र झकास बसलं. शुक्रवारी पहाटे काटा एकवीस.

सासू सुमनबाईंचं निदान वेगळंच होतं. त्यांनी सागवानी दाराला लिंबू-मिरची बांधली. त्यातून किती वॅट वाचतात हे पुनमनं मोजलं नाही. नवरा वैजनाथ वारंगा फाट्यावर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो फोनवर म्हणाला, "तिसरा हिटर लाव ना." त्यानं पुढं काही सुचवायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी शेजारच्या वावरातले दगडोबातात्या आले. त्यांचं नाव त्या अकरांत पहिलं. "सूनबाई, एक सांगू का? पत्रा हाय ना, तोच बेकार. आमच्या बापाच्या माळवदावर हातभर पांढरी माती होती. थंडीत घोंगडं लागत नव्हतं." हे खरं होतं, पुनमनं मानही हलवली. पण तेवढ्यानं तात्यांना चेव आला. थर्माकोलवर सोयाबीनचं भुसकट पसरतो म्हणून ते शिडी लावून पत्र्याखालच्या फटीतून आत शिरले आणि पुढच्या मिनिटाला छतातून तात्यांचा धोतराबाहेरचा अख्खा पाय ट्रेंच्या बरोबर वर लोंबकळायला लागला.

"हलू नका! तात्या, अजिबात हलू नका!"

"मी कशाला हलतो, मी अडकलोय!"

पाय निघाला, भोक राहिलं. पुनमनं ते पोत्यानं बुजवलं आणि ट्रेवर पडलेलं भुसकट एकेक काडी करून वेचलं. वेचता वेचता ती आपल्याशीच बडबडत होती आणि त्या बडबडीतला एकही शब्द सुनेनं बोलावा असा नव्हता.

एकट्या फुलसिंगनं काही सांगितलं नाही. तो संध्याकाळी तांड्यावरून रिकामी पोती घेऊन आला, फरशीवर दोन पदरी अंथरली आणि जाताना म्हणाला, "वहिनी, माझं शेड धुऊन तयार हाय. सोमवारी येतो." पुनमला रडूच आलं. चिडलेल्या माणसाशी कोणी नीट बोललं की असंच होतं.

शनिवारी ती पहाटे चारलाच खोलीत जाऊन बसली. जायची तर जाऊ दे ऊब, पण माझ्या डोळ्यादेखत जाऊ दे, असं म्हणून. सव्वाचारला काटा सत्तावीसवर होता. हिटरच्या कांड्या लालबुंद होत्या. साडेचारच्या सुमाराला कुठंतरी दूर घुर्रर्र झालं. मग दुसरीकडं. मग ओढ्यापल्याड. आणि पुनमच्या नजरेसमोर कांड्यांचा लाल रंग उतरत उतरत विटकरी झाला, मग तांब्यासारखा काळपट. वरचा बल्ब पणतीएवढा झाला.

ती तशीच अनवाणी गोठ्यात पळाली. भिंतीवर स्टार्टरचा जुना डबा होता, त्यात व्होल्टेजचा काटा. दोनशे तीस असायला पाहिजे होता. होता दीडशे.

पुनमनं तिथंच, बैलाच्या पाठीवर बोटानं हिशोब केला. व्होल्टेज दीडशे झालं की हिटरची ऊब निम्म्याहून खाली येते. चार हजारांचे होतात सतराशे. सतराशे आत, तीन हजार बाहेर, तर काटा एकवीसवर बसणार नाही तर काय करणार? तिचा कागद बरोबर होता! भिंत बरोबर, पत्रा बरोबर, दार बरोबर. बाहेर किती जातं ते तिनं कणाकणानं मोजलं होतं, आणि आत किती येतं ते मात्र हिटरच्या खोक्यावर छापलेलं खरं मानलं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि गावानं चार दिवस तिला पोहराच दुरुस्त करायला लावला होता.

बरं, ही वीज जात होती कुठं? शेतातल्या घरांना दिवे लावण्यापुरती एका फेजची लाईन असते. मोटारीसाठी तीन फेज पाहिजेत, ते सकाळी अकराला येतात. पण अकरापर्यंत थांबेल तो शेतकरी कसला! जो तो मोटारीला कंडेन्सर जोडतो आणि एकाच फेजवर पहाटे मोटार रेटतो. एकाची मोटार चालली तर चालली. पंधरा-वीस एकदम चालल्या की लाईनीचा जीव जातो. आणि त्या पंधरा-वीसमध्ये तिच्या यादीतले अकराच्या अकरा जण होते, तिचेच आळ्या न्यायला येणारे!

शनिवारी दुपारी तिनं सगळ्यांना आखाड्यावर बोलावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. गोठ्याच्या सावलीत बसलेल्या माणसांनी ऐकून घेतलं आणि मग एकच गलका झाला.

"आमी काय चैन करून राहिलो का?" दगडोबातात्या म्हणाले. "तुतीच भिजवतो. तुझ्याच आळ्यांसाठी!"

"आळ्या जगल्या तर तुती खातील ना, तात्या?" पुनमचा बांध फुटला. "चार दिवस झाले, जो येतो तो मला सांगतो ऊब कुठून जाते. दार बदललं, छताला भोक पाडलं, लिंबू बांधलं. अन् ऊब कोण नेत होतं? तुमी! तुमी सगळे! पहाटे माझ्या खोलीतली ऊब तुमच्या मोटारी ओढतात अन् सकाळी तुमीच मला शहाणपण शिकवाया येता!"

माणिकराव खाली बघत होते. सुनेनं चारचौघांत असा आवाज चढवायचा म्हणजे काय, हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं. पण बोलले ते वेगळंच.

"उद्या पहाटे कोणी मोटार लावायची न्हाई. आमच्या विहिरीवरची मी आत्ताच बंद करून येतो. उद्या बी काटा चढला न्हाई, तर पोती तयारच हायेत."

"दुसऱ्यानं बंद केली तर माझी बी बंद," तात्या म्हणाले. "पण एकानं जरी लावली ना, तर मी दोन लावीन. सांगून ठेवतो."

पुनमनं जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, ऑटो काढून ठेवा म्हणून. हा ऑटो म्हणजे एक डबी. लाईट जाऊन परत आली की मोटार आपोआप चालू करते, माणसाला उठून जावं लागत नाही. आळशांचा देव.

रविवारी पहाटे फुलसिंग आला, पाठोपाठ दगडोबातात्या आले. सुमनबाईंनी चहा केला. गोठ्यातल्या काट्यावर दोनशे दहा. खोलीत साडेसव्वीस. ट्रेमध्ये आळ्यांनी खाणं थांबवलं होतं आणि एकेक डोकं वर उचललं जात होतं. कात बसायला लागली होती, आणि सगळ्यांची एकदम बसत होती! पुनमला ओरडावंसं वाटत होतं. तिनं फक्त थर्मामीटर फुलसिंगच्या हातात दिला.

"बराबर हाय," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात लाईट गेली. क्षणभरच. लगेच आली, पण मरगळलेली. शेताच्या त्या टोकाकडून घुर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि हिटरच्या कांड्यांचा लाल रंग विटकरी झाला.

"हे बघा!" दगडोबातात्यांनी कप खाली आपटला. "म्हणलो होतो का न्हाई? लावली ना एकानं! कोण हाय तो? नाव सांगा, मी आत्ता जाऊन दोन लावतो."

पुनम तणतणत बाहेर आली. एका माणसाला, एकाच माणसाला एक पहाट कळ काढवत नाही! कोण आहे तो मेला, म्हणून तिनं कान दिला. तो आवाज ओळखीचा होता. पण तिच्या आधी माणिकराव बोलले.

"माझी हाय," ते म्हणाले. "मीच विसरलो बंद कराया."

लग्नाला सहा वर्षं झाली, माणिकरावांच्या तोंडून "विसरलो" हा शब्द पुनमनं ऐकला नव्हता. त्या घरात तो शब्द असतो हेच तिला माहीत नव्हतं.

"वा रे वा!" तात्या उसळले. "म्हणजे गावानं मोटारी बंद करायच्या अन् तुमी तुमची चालू ठेवायची?"

"चुकलं माझं," माणिकराव म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले.

खोटं होतं ते. त्यांची मोटार विहिरीवरची, ती उजवीकडं होती आणि चिडीचूप होती. आवाज येत होता बोरवरून. बोर पुनमच्या तुतीची. आळ्या सोडून पहाटे मोटार लावायला जावं लागू नये म्हणून दिवाळीत वैजनाथकडून हट्टानं ऑटो बसवून घेतला होता तो तिनंच. गावभर ऑटो काढा, ऑटो काढा म्हणून हिंडली आणि काखेत कळसा!

गप्प राहिली असती तर भागलं असतं. सासऱ्यानं झाकलंच होतं. सोमवारी अकरा जण आले असते, आळ्या नेल्या असत्या आणि तिचा शब्द गावात सरळ उभा राहिला असता. पण पुनमला ते सहनच झालं नाही. त्या म्हाताऱ्या माणसानं, ज्यानं चार दिवस तिचा छळ मांडला होता, त्यानं तिच्यापायी तात्यांसमोर मान खाली घालावी?

"खोटं हाय," ती ओरडली. "तात्या, मामांची न्हाई, माझी हाय ती. बोर माझी, ऑटो म्या बसवला अन् मीच विसरले. काल सगळ्यांना बोलले ना, ते आता मला बोला. बोला!"

आणि कोणी बोलायच्या आत ती तुतीच्या सऱ्यांतून बोरकडं पळत सुटली. स्वतःला शिव्या घालत पळाली. दवानं साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ऑटो काढला, मोटार बंद केली, आणि तरी डब्यावर दोन चापट्या मारल्या. मग तिथंच बांधावर बसली. आता तात्या जाऊन आपल्या दोन मोटारी लावणार, बाकीचे आवाज ऐकून लावणार आणि दुपारपर्यंत अर्ध्या आळ्या झोपलेल्या, अर्ध्या जाग्या. चूक एकच, आणि ती नेमकी मीच करावी, असं तिला झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं चिडून पदरानं पुसलं.

ती परत आली तेव्हा उजाडलं होतं. गोठ्यासमोर माणिकराव आणि फुलसिंग उभे होते. तात्या नव्हते.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले," फुलसिंग म्हणाला. "चपला घातल्या अन् गेले."

तिघंही मोटारीच्या आवाजाची वाट बघत काट्यासमोर उभे राहिले. काटा दोनशे दहावर होता. मग तो हलला. पुनमनं डोळे मिटले.

"वहिनी," फुलसिंग म्हणाला. "बघा तरी."

काटा वर जात होता. दोनशे वीस. दोनशे तीस. बोर बंद करूनही जे पहाटेपासून कमी होतं, ते आता पुरं भरलं होतं. आपली एक मोटार तात्यांनी सगळा वेळ चालूच ठेवली होती. चहा पीत, लोकांवर ओरडत. आणि आता पायी जाऊन ती बंद केली होती.

"अरे देवा, काय माणसं हायेत ही!" पुनम म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं.

खोलीत सत्तावीस झाले होते. ट्रेमधल्या हजारो आळ्या डोकी वर करून निश्चल झाल्या होत्या, सगळ्या एकदम. फुलसिंगनं एका ट्रेवर वाकून बराच वेळ बघितलं आणि मग तो सायकल काढून तांड्याकडं गेला. त्याला शेडात आजच रॅक लावायचे होते.

माणिकराव बाहेरच बाजेवर बसले होते. पुनम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. राग अजून गेला नव्हता.

"मामा, तुमी खोटं काहून बोललात?"

माणिकरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "तुझे आकडे खोटं बोलत न्हाईत, हे कळलं मला. मंग एखाद्या बारीला माणसालाच बोलावं लागतं ना."

आत सुमनबाई विचारत होत्या की सोयाबीनची पोती कुठं ठेवायची. माणिकरावांनी तिथूनच ओरडून सांगितलं, माझ्या खाटेखाली ठेव.